तुम्ही विचारलंत म्हणून: तलवार कुठल्या हातात?

"जुन्या युरोपीय छापचित्रांतले मुकुट, तलवारी, वज्रं यांचे अर्थ लावायचे कसे? एखादा कोश आहे का?" असं बरेच जण विचारतात. कोश आहेत, पण ते शेवटी उघडा. आधी कुठलं चिन्ह कशासमोर ठेवलंय ते बघा.

इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जच्या 'लेव्हायथन' या राज्यसत्तेवरच्या ग्रंथाचं १६५१ सालचं मुखचित्र घ्या. ते सहसा फ्रेंच कोरक अब्राहम बॉसचं मानलं जातं. डोंगरांमागून एक मुकुटधारी महाकाय पुरुष वर आलाय. त्याच्या उजव्या हातात तलवार, डाव्या हातात बिशपचा धर्मदंड. तलवारीखाली पाच चौकटी, दंडाखालीही पाच. त्या उभ्या नाही, आडव्या वाचायच्या, जोडीजोडीने. किल्ल्यासमोर चर्च, सरदारी मुकुटासमोर बिशपची टोपी, तोफेसमोर वज्र. नुसतं वज्र पाहिलं तर आपल्याला इंद्र आठवणार. तोफेसमोर आलं की कळतं, ही धर्मबहिष्काराची, म्हणजे चर्चमधून बाहेर काढण्याच्या शिक्षेची, तोफ आहे. चौथी जोडी तर बहारदार. एकीकडे बंदुका, निशाणं, ढोल. दुसरीकडे शेतातल्या दाताळ्यासारखे काटे, त्यांवर 'सिलॉजिझम'सारखे तर्कशास्त्राचे शब्द, आणि 'डिलेमा' (कुठलाही पर्याय घ्या, अडकणारच असा पेच) लिहिलेली दोन शिंगं. शेवटी लढाईसमोर धर्मपंडितांची सभा.

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. त्या महाकाय पुरुषाच्या अंगावर चिलखताचे खवले वाटतात ती माणसं आहेत, तीनशेहून जास्त, सगळी आपल्याकडे पाठ करून त्याच्या तोंडाकडे बघणारी. मोबाइलवरच्या बारक्या चित्रात ते खवलेच राहतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती डाव्या-उजव्याची. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. मूळ कोरणारा हे धरून चालतो. पण कुणी छापलेलं चित्र बघून जसंच्या तसं पत्र्यावर उतरवलं, की नकलेत सगळं फिरतं: तलवार डावखुरी होते, येशू डाव्या हाताने आशीर्वाद देतो. अक्षरं मात्र सुलटी असतात, कारण ती नक्कल करणारा मुद्दाम उलटी कोरतो. म्हणून मजकूर सरळ दिसला तरी हात तपासा. नाहीतर डाव्या हातातल्या तलवारीवर उगाच सिद्धांत रचला जातो.

चित्राखालच्या बारीक अक्षरांत लॅटिन शब्द असतात: 'इन्वेनिट' म्हणजे कल्पना कुणाची, 'स्कल्पसिट' म्हणजे कोरलं कुणी, 'एक्सकुडिट' म्हणजे छापून विकलं कुणी. शेवटचं नाव आधी वाचा; गिऱ्हाईक कोण हे त्यालाच ठाऊक असायचं.

आणि चेहऱ्यावर भरवसा नको. पिअर लोंबारने कोरलेल्या एका घोडेस्वाराला आधी क्रॉमवेलचं, म्हणजे इंग्लंडमधल्या राजाविरोधी पक्षाच्या पुढाऱ्याचं, डोकं होतं. ते घासून काढलं, आणि पुढे त्याच धडावर पहिला चार्ल्स बसवला, म्हणजे क्रॉमवेलच्या पक्षाने ज्याचा शिरच्छेद केला तोच राजा. मधल्या टप्प्यातले, बिनडोक्याच्या स्वाराचे छापही शिल्लक आहेत. अशी शंका आली तर डोक्याभोवतीच्या आकाशाच्या रेघा बघा. घासलेल्या जागी नव्या रेघा जुन्यांशी क्वचितच नीट जुळतात.