बामणोलीच्या अंगणातले बारके पतंग

श्रावणी अमावस्या धरून निघालो. चांदणं नसलं की दिव्यावर पतंग भरपूर येतात, म्हणून तिथी बघून केलेला हा प्रवास. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढलो आणि धुकं लागलं. कासला फुलांचा हंगाम नुकताच सुरू झालेला, गाड्यांची रांग लागलेली. आम्ही तिथं न थांबता पुढं बामणोलीला उतरलो. जांभ्याचं उघडं पठार, त्याखाली रान, रानाखाली भातखाचरं आणि शेवटी कोयना धरणाच्या शिवसागराचं पाणी, हे सगळं इथं एकाच उतारावर भेटतं. अळ्यांना एवढं वेगवेगळं खाणं जिथं मिळतं, तिथं पतंगही तितकेच नाना तऱ्हेचे असणार, अशी माझी खात्री होती.

मुक्काम ज्यांच्याकडं होता त्या मामांनी अंगणात दोरीवर पांढरी चादर ताणून दिली, समोर दिवा लावला. मामी म्हणाल्या, "मोठं पाखरू आलं तर हाक मारा. बारकी काय, रोज ताटात पडत्यात."

मी बारक्यांसाठीच आलो होतो. नऊनंतर चादर भरू लागली. एक पतंग इंग्रजी टी अक्षरासारखा पंख आडवे पसरून बसला: पिसारी पतंग. त्याचा पुढचा पंख दुभंगलेला आणि मागचा तीन पिसांत चिरलेला असतो. त्याचा एक दूरचा भाऊबंद तर प्रत्येक पंखाची सहा पिसं करतो, म्हणजे चार पंखांची 24. खालच्या कोपऱ्यात घंटेच्या आकाराचे, पानं गुंडाळणाऱ्या कुळातले पतंग होते. आणि भिंगाशिवाय धूळच वाटावी असा एक रुपेरी जीव पुढचे पाय ताठ करून, छाती उचलून बसलेला. त्याच्यापुढं मी किती वेळ उकिडवा बसलो होतो कोण जाणे.

या सगळ्यांना 'सूक्ष्म पतंग' म्हणून एका टोपलीत टाकायची पद्धत जुनी आहे. सोयीची आहे, पण नात्यागोत्याची नाही. खोड पोखरणारे काही पतंग तळहातात मावणार नाहीत एवढे मोठे असतात, तरी वंशावळीत त्यांची जागा या बारक्यांच्या शेजारी पडते. आजवर नाव मिळालेल्या पतंग-फुलपाखरांच्या प्रजाती सुमारे 1,60,000 आहेत. त्यांतली फुलपाखरं जेमतेम 18-19 हजार, म्हणजे पतंगांच्या वंशवृक्षाची एक फांदी. खोडाजवळच्या सगळ्यात जुन्या फांद्या मात्र बारक्यांच्याच आहेत. त्यांतल्या एका कुळाला सोंडच नाही. ते पतंग जबड्यांनी परागकण चावून खातात.

भारतातल्या असंख्य बारक्या पतंगांना नावं दिली ती एडवर्ड मेरिक यांनी. इंग्लंडमध्ये शाळेत शिकवणारा हा माणूस (1854-1938). त्यानं जगभरातल्या 14 हजारांहून जास्त प्रजातींचं वर्णन केलं, मुख्यतः पंखांवरच्या शिरा पाहून. जननेंद्रियांची रचना तपासायला तो राजी नव्हता, त्यामुळं त्यानं लावलेली कितीतरी नाती पुढच्यांना पुन्हा तपासावी लागली. तरीही एका माणसाच्या हातून झालेलं एवढं काम आठवलं की मी नतमस्तक होतो.

सकाळी मामांबरोबर खाचरात गेलो. पानांचे शेंडे कात्रीनं कापल्यासारखे, आणि पाण्यावर पानांच्या छोट्या नळ्या तरंगत होत्या. एक उघडून पाहिली. आत फिकट हिरवी अळी, अंगाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांचे झुबके. पाण्यात श्वास घेणारी पतंगाची अळी! मामांना ती पुरती ठाऊक होती. "ही सुरळीतली अळी. पिकावरनं दोर वडायचा, सुरळ्या पाण्यात पडत्यात, मग पाणी सोडून द्यायचं." रात्री चादरीवर आलेल्या पांढऱ्या पतंगांत हिची जातकुळी असणार, असं मी त्यांना सांगितलं, तेव्हा चकित व्हायची पाळी त्यांची होती. अळी त्यांची ओळखीची, पतंग माझा.

परसात कागदी लिंबाच्या कोवळ्या पानांवर चंदेरी वेलबुट्टी होती, नागअळीची. पान वरून शाबूत, आत बोगदा, आणि बोगद्याच्या मधोमध विष्ठेची काळी रेघ. टोमॅटोच्या पानावर अशीच नागमोडी नक्षी काढणारी अळी बहुधा माशीची असते. लिंबावरची ही मात्र पतंगाची. पंख पसरून चार-पाच मिलिमीटर भरणारा हा पतंग हातात धरून ओळखणं अवघड, पण कोणत्या झाडाच्या पानात कसा बोगदा, हे पाहून कुळापर्यंत सहज पोचता येतं. मामांचं अळीच्या करणीवरून ओळखणं मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं.

जिथं डोळा थकतो तिथं जनुकं कामी येतात. 2003 पासून एका ठरावीक जनुकाचा डीएनएच्या 658 अक्षरांचा तुकडा वाचून प्रजाती ताडण्याची पद्धत रुळली. पतंगाचा एक पाय त्याला पुरतो. कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग जगभर एकच समजला जाई. ऑस्ट्रेलियात याच पद्धतीनं त्यात दडलेली दुसरी प्रजाती सापडली आणि 2013 साली तिला नाव मिळालं. मात्र हा तुकडा फक्त आईकडून येतो, म्हणून एकट्यावर भिस्त ठेवता येत नाही. जननेंद्रियं आणि पेशीकेंद्रातली जनुकंही पाहावी लागतात. लिंग ठरवण्याची रीत तर आपल्या उलट: बहुतेक पतंगांत दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं असतात ती मादीकडं. सगळ्यात जुन्या कुळांत मादीला त्यांतलं एकच असतं, दुसरं मागाहून आलं. आणि गुणसूत्रांच्या 31 जोड्या हा आकडा कितीतरी दूरदूरच्या कुळांत टिकून राहिला आहे.

कुणी जाणार असाल तर अमावस्येच्या आसपास जा, आणि चादर लावण्याआधी घरच्यांना विचारा. फोटो वरून एक आणि बाजूनं एक काढा. मिशा आणि तोंडापुढचे स्पर्शक बाजूनंच दिसतात. फोटोशेजारी झाडाचं नाव लिहा. दिवा मध्यरात्रीनंतर बंद करा, नाहीतर पहाटे बुलबुल आणि कोतवाल चादर साफ करतात.