‘यो’ गळला की कान टवकारायचे: कोरियन मालिकांची माझी दीड वर्षं

वय एकसष्ट, नाद दीड वर्षाचा. आजचा हिशेब: पूर्ण मालिका 19, अर्धवट टाकलेल्या 7, सिनेमे 11. राजेरजवाड्यांच्या मालिका दोनदा धरल्या, दोनदा सोडल्या. दरबारातली पदं लक्षात राहत नाहीत आणि टोप्या घातल्यावर मला सगळे मंत्री एकच दिसतात.

सुरुवात ‘पॅरासाइट’ या कोरियन सिनेमापासून. 2020 मध्ये त्याला चार ऑस्कर मिळाली तेव्हा नुसतं ऐकलं होतं, बघायला चार वर्षं गेली. त्यात घाईघाईने नूडल्स करायचा प्रसंग आहे. खाली इंग्रजीत ‘रॅम-डॉन’ लिहून येतं, पात्रं मात्र चक्क ‘चापागुरी’ म्हणतात. दोन तयार नूडल्सची पाकिटं एकत्र करून केलेला पदार्थ, आणि त्या पाकिटांच्या नावांचीच ती खिचडी. मग शंका आली, खालच्या पट्टीत आणखी काय काय सांडत असेल?

बरंच सांडतं. ‘माय मिस्टर’चं (2018, 16 भाग) मूळ नाव ‘नाए अजॉश्शी’. अजॉश्शी म्हणजे काका, अनोळखी मध्यमवयीन माणूस, थोडा आदर, थोडं अंतर. ‘मिस्टर’ म्हटलं की यातलं निम्मं गेलंच.

पण खरी गंमत ‘यो’ची. कोरियनमध्येही आपल्यासारखं क्रियापद शेवटी येतं आणि आदर त्या क्रियापदालाच चिकटतो. ‘पाप मगॉस्सॉ?’ म्हणजे ‘जेवलास का?’ शेवटी ‘यो’ लावा, ‘पाप मगॉस्सॉयो?’, की झालं ‘जेवलात का?’ इंग्रजी पट्टीत दोन्हीकडे एकच वाक्य. त्यामुळे सुरुवातीला मला कळायचंच नाही, की नवव्या-दहाव्या भागात नायिका साधं काहीतरी बोलते आणि नायक एवढा का चपापतो. त्याचं कारण म्हणजे तिने तो ‘यो’ टाकलेला असतो. आठ भाग ‘तुम्ही, तुम्ही’ चाललेलं आणि एकदम ‘तू’! हे ज्याच्या भाषेत अहो-अरे आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही, फक्त ऐकू यावं लागतं. भांडणात उलटं होतं: रोजचं ‘तू’ थंडपणे ‘तुम्ही’वर जातं, तेव्हा समजायचं की प्रकरण गंभीर आहे. आदर सोडून बोलण्याला ते ‘बोलणं खाली ठेवणं’ म्हणतात. आधी रीतसर विचारतात, मग ठेवतात.

वय विचारायची त्यांची घाईसुद्धा याच पायी. ओळख झाल्या झाल्या जन्मसाल विचारतात, म्हणजे कोणी कोणाला कसं बोलायचं ते ठरतं. मी आधी त्याला भोचकपणा समजत होतो.

लिपी तीन आठवड्यांत आली, ही बढाई नाही. सेजोंग राजाच्या काळात 1443 मध्ये तयार झालेली ही लिपी लोकांना सोपी जावी म्हणूनच केलेली. आज मूळ अक्षरं 24. ‘म’ हा तोंडाच्या आकारावरून घेतलेला चौकोन, ‘न’ म्हणजे वर वळलेली जीभ. पडद्यावर मी वाचलेला पहिला शब्द ‘याक्कुक’, औषधाचं दुकान. पुढे नायिका पावसात रडत होती आणि मी मालिका थांबवून मागची पाटी अक्षरं जुळवत वाचत बसलो होतो.

उशिरा नादाला लागणाऱ्यांना माझं सांगणं: ‘नाविलेरा’ (2021, फक्त 12 भाग) बघा. सत्तर वर्षांचा निवृत्त पोस्टमन बॅले शिकायला जातो, शिकवणारा तेवीस वर्षांचा. इथे वय आणि गुरुपण यांची ओढाताण आहे, म्हणून कोण कोणाला काय हाक मारतो तिकडे कान ठेवा. पुढचं सांगत नाही. रुमाल जवळ असू द्या. ली चांग-दोंगचा ‘पोएट्री’ (2010) मात्र लगेच नको. सहासष्ट वर्षांची बाई कवितेच्या वर्गाला जाते एवढं वाचून मी हलकंफुलकं समजून लावला आणि त्या रात्री झोप आली नाही. उत्तम सिनेमा, पण तयारीने बघायचा.

‘रिप्लाय 1988’ मी दुसऱ्या भागात सोडली होती. चूक झाली. सोलच्या सांगमुन-दोंगमधली एक गल्ली, पाच कुटुंबं आणि बायका एकमेकींना ‘अमक्याची आई’ म्हणून हाका मारतात. यंदा परत लावली, वीसही भाग संपवले.

आता नवा प्रयोग. गेल्या आठवड्यात टीव्हीच्या खालच्या कडेला पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली, सबटायटल झाकायला. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत ऑफिसातली मीटिंग झाली, त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मग मायलेकींचं भांडण लागलं आणि ते जवळजवळ सगळं कळलं. काल बायको येऊन बसली. पाच मिनिटं गप्प होती, मग म्हणाली, “अहो, तो पुठ्ठा काढा, मला काही कळत नाहीये.” तिच्यासाठी निम्मा कापलाय. डावीकडचे शब्द तिला, उजवीकडचे ‘यो’ माझे.