पुण्याहून ब्रिटनला, नर्स म्हणून आणि कुटुंबासह: माझा अनुभव

ब्रिटनला जायचं ठरलं की बहुतेक सिस्टर आधी इंग्रजीचा क्लास लावतात. मी सांगेन, क्लासच्या आधी घरातले सगळे कागद टेबलावर पसरा आणि प्रत्येकावरचं नाव अक्षरन् अक्षर वाचा. या सगळ्या प्रक्रियेत मराठी बाईला सर्वांत जास्त तिचं नाव अडवतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. नर्सिंगच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर माहेरचंच नाव, आणि पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे घालून सासरचं आडनाव. काहींचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं असतं. कागद तपासणाऱ्या परक्या माणसाला या एकाच बाईच्या चार बायका दिसतात.

मी पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरलं आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवत गेले. आधी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून विवाह नोंदणीचा दाखला. पहिलं नाव बदललं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नोंद. मग कौन्सिलकडे नावात बदल आणि रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण. हे सगळं झाल्यावरच परीक्षेचं बुकिंग, कारण केंद्रावर ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो. एका कार्यालयात माझा अर्ज सहा आठवडे पडून होता. लिफाफ्यावर अर्ज क्रमांक लिहिलेला नव्हता, एवढंच कारण. तेव्हापासून प्रत्येक लिफाफ्यावर आणि प्रत्येक ईमेलच्या विषयात मी क्रमांक आधी लिहिते.

मुलांचे जन्मदाखले त्याच दिवशी काढून बघा. प्रसूतीनंतर लगेच घेतलेल्या दाखल्यावर कित्येकदा बाळाचं नावच नसतं, आणि आईच्या नावाचं स्पेलिंग हॉस्पिटलच्या क्लार्कने ऐकून लिहिलेलं असतं. व्हिसाच्या अर्जात मूल तुमचंच आहे हे हा एकच कागद सांगतो.

इंग्रजीसाठी आयईएलटीएस अकॅडेमिक किंवा ओईटी, म्हणजे आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा. आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण, संभाषण यांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात. ओईटीत तीन भागांत बी आणि लेखनात सी प्लस. गुण दोन वर्षं चालतात. वॉर्डात काम करणारीला ओईटी जवळची वाटते, पण पत्रलेखनात गाडी अडते. दिलेल्या नोंदींतलं सगळं उतरवायचा मोह होतो. पत्र १८० ते २०० शब्दांचं हवं, आणि पुढच्या नर्सला आज काय करायचं आहे तेवढंच त्यात हवं. पंधरा वर्षांपूर्वीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन सोडून द्यायला शिकावं लागतं.

पुढे तिकडच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची, म्हणजे एनएमसीची, संगणकावरची परीक्षा सीबीटी. ती भारतातच देता येते. पहिल्या भागात ३० मिनिटांत १५ गणितं: सस्पेन्शन ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम, डोस ४०० मिलिग्रॅम, तर ८ मिली. चुका होतात त्या मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम करताना. दुसऱ्या भागात अडीच तासांत १०० प्रश्न. तिथे औषधांपेक्षा संमतीचे प्रश्न जड जातात. आपल्याकडे निदान आधी नातेवाइकांच्या कानावर घालायची रीत आहे. तिकडे पेशंट शुद्धीत आणि समजून घेण्याच्या स्थितीत असेल तर त्याच्या परवानगीशिवाय मुलालासुद्धा सांगायचं नाही.

अर्जाच्या तपासणीचे १४० पौंड, सीबीटीचे ८३, ऑस्कीचे, म्हणजे तिकडे जाऊन द्यायच्या प्रात्यक्षिक परीक्षेचे, ७९४ आणि नोंदणीचे १५३ हा हिशोब मी धरला होता. बरीच हॉस्पिटलं यातलं काही परत देतात. करारात ते लिहून घ्या. नोकरी लावून देण्याचे पैसे मागणाऱ्या एजंटाकडून सरळ उठून या. तिकडच्या सरकारच्या आचारसंहितेनुसार असे पैसे उमेदवाराकडून घेता येत नाहीत.

नोकरी पक्की झाली की हॉस्पिटल व्हिसासाठी लागणारं स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र देतं. त्यासोबत क्षयरोग तपासणी, जिचा दाखला सहा महिने चालतो, आणि पासपोर्ट सेवेतून पोलिस क्लिअरन्स. हेल्थ अँड केअर व्हिसावर आरोग्य अधिभार, म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा वापरण्याचं शुल्क, भरावा लागत नाही, नवरा-मुलांचाही नाही. चौघांच्या कुटुंबात हा फार मोठा आकडा वाचतो.

तिकडे नोकरी सुरू झाल्यापासून पहिली ऑस्की १२ आठवड्यांत द्यावी लागते आणि आठ महिन्यांत नोंदणी व्हावी लागते. दहा स्टेशन, म्हणजे दहा छोटे टप्पे, असतात. आपला हात चुकत नाही, सवय चुकते. इथे आपण पेशंटला ‘बेड नंबर चार’ म्हणतो. तिथे औषध हातात घेण्याआधी नाव आणि जन्मतारीख त्याच्या तोंडून वदवून घ्यायची, मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायची, ॲलर्जी विचारायची. हे मनात करून भागत नाही, परीक्षकाला ऐकू गेलं पाहिजे. सही गोळी गिळल्यानंतरच. न्यूज-टू तक्ता, म्हणजे पेशंटची तब्येत किती ढासळतेय हे गुणांत मोजणारा तक्ता, घरी रोज भरा: श्वसन २२ चे २, ऑक्सिजन ९५ चा १, नाडी ११२ चे २, ताप ३८.४ चा १; रक्तदाब ११८ आणि पेशंट शुद्धीत, त्यांचे शून्य. एकूण ६. म्हणजे डॉक्टरला तातडीने कळवा आणि किमान दर तासाला पुन्हा मोजा.

म्हणूनच मुलांना सोबत नेऊ नका, तीन-चार महिन्यांनी बोलवा, असं माझं ठाम मत आहे. हॉस्पिटलची खोली बहुधा एका माणसापुरती असते, पगार पिन, म्हणजे एनएमसीचा नोंदणी क्रमांक, मिळेपर्यंत खालच्या बँडचा (वेतनश्रेणीचा), आणि अभ्यासाला शांतता लागते. कुटुंबाचा व्हिसा मागाहून काढता येतो. तुम्हाला तिकडे वर्ष झालेलं नसेल आणि हॉस्पिटलनेही हमी घेतली नसेल, तर जोडीदारासाठी २८५ पौंड, पहिल्या मुलासाठी ३१५ आणि पुढच्या प्रत्येकासाठी २०० इतकी रक्कम सलग २८ दिवस खात्यात दिसली पाहिजे. एक दिवस जरी खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. जोडीदाराला तिकडे नोकरी करता येते. तुमच्या नाइट ड्यूट्या आणि त्याच्या शिफ्ट जुळवूनच घर चालतं.

घरासाठी इंग्लंडमध्ये साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याएवढी अनामत घेतात. पाच ते सोळा वयाच्या मुलांना सरकारी शाळा मोफत आहे आणि अर्ज तिथल्या कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, करायचा असतो, त्यामुळे आधी पत्ता, मग शाळा. लसीकरणाचं कार्ड हँडबॅगेत ठेवा, जीपीकडे, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवताना ते कामी येतं. आणि लहान मुलांचे पासपोर्ट सहसा पाच वर्षांचेच असतात. वर्षाच्या आत संपत असतील तर निघण्याआधी मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातूनच नवे करून घ्या. ई-व्हिसा पासपोर्टच्या क्रमांकाला जोडलेला असतो, आणि क्रमांक बदलला की प्रत्येक मुलाच्या ऑनलाइन व्हिसा खात्यात तो वेगवेगळा बदलावा लागतो.