आरारूटची पेज : अनेट्युम बेटावरचे चार दिवस

विमानाच्या खिडकीतून खाली पाहिले, तेव्हा हे विमान उतरणार तरी कुठे, हेच मला कळेना. निळ्या पाण्यात झाडांनी गच्च भरलेला एक चिमुकला ठिपका होता आणि त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गवताची एक पट्टी आखलेली होती. तीच धावपट्टी. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्याने ती तयार केली आणि प्रशांत महासागरातल्या व्हानुआटू या द्वीपदेशाच्या अगदी दक्षिणेला येणारी लहान विमाने आजही तिच्यावरच उतरतात. या ठिपक्याचे नाव इन्येउग. इथे वस्ती नाही. माणसे राहतात ती समोरच्या मोठ्या, डोंगराळ अनेट्युम बेटावर, आणि तिथे होडीनेच जावे लागते. आमचे विमान दोन दिवस उशिरा निघाल्यामुळे सहा दिवसांच्या मुक्कामाचे चारच दिवस उरले होते. पण होडीत पाय ठेवल्यावर त्याचा राग उरला नाही.

मी नगरची, निवृत्त शिक्षिका. लेक ब्रिस्बेनला असते, म्हणून वर्षातले काही महिने माझा मुक्काम तिकडे असतो. माझी आजी बायबल-स्त्री होती. गावोगाव पायी हिंडायचे, ओसरीवर बसून बायकांना वाचून दाखवायचे, कुणाचे मूल आजारी असेल तर औषध द्यायचे आणि तिन्हीसांजेला घरी येऊन चूल पेटवायची, असा तिचा दिनक्रम असे. छापील कागदांत तिचे नाव शोधूनही मला मिळालेले नाही. त्यामुळे मिशनरी म्हटले की इतरांच्या डोळ्यांसमोर टोपीवाले साहेब येतात आणि माझ्या डोळ्यांसमोर धुळीने भरलेले दोन पाय येतात. ब्रिस्बेनमध्ये एकदा अनेट्युमवरचे मिशनरी जॉन गेडी यांच्याविषयी वाचनात आले आणि त्यांच्या दिनक्रमात मला तीच धूळ दिसली. लेकीला म्हटले, एवढे एक बेट दाखव. ती म्हणाली, "आई, लोक तिथे पोहायला जातात." म्हटले, तू पोह.

गेडींचा जन्म १८१५ मध्ये स्कॉटलंडमधला. पण ते वाढले कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया भागात. प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या तिथल्या लहानशा मंडळीने त्यांना आणि त्यांच्या पत्नी शार्लट यांना १८४६ च्या अखेरीस निरोप दिला, आणि हवाई, सामोआ असे थांबे घेत दोघे १८४८ मध्ये अनेट्युमला पोचले. निघण्यापूर्वी त्यांनी छपाई, गिलावा आणि थोडीफार वैद्यकी शिकून घेतली होती. मला हीच गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. धर्मशास्त्र तर ते शिकलेलेच होते. पण ज्या ठिकाणी गवंडी, छपाईचे खिळे जुळवणारा आणि डॉक्टर ही तिन्ही माणसे आपणच असणार आहोत, तिथे नुसत्या प्रवचनाने भागायचे नाही, हे त्यांनी आधीच ओळखले होते.

बेटावरच्या मुख्य गावाचे नाव अनेल्गौहात. गावात मोटारी नाहीत; नारळ आणि मोठ्या, कातरलेल्या पानांच्या निरफणसाखालून पायवाटा जातात. आमची सोय पास्टरांच्या शेजारच्या घरात झाली होती. नगरला आम्ही पाळकसाहेब म्हणतो, इथे सगळे पास्टर म्हणतात. हे पास्टर उत्तरेकडच्या दुसऱ्या एका बेटावरून बदली होऊन आलेले, म्हणजे इथली भाषा त्यांनाही शिकावीच लागली होती. या देशात शंभराहून अधिक भाषा आहेत आणि एकमेकांशी बोलायला बिस्लामा आहे. इंग्रजी शब्दांना वेगळ्याच व्याकरणात बसवणारी ही भाषा लेकीला पहिल्या दिवशी गमतीची वाटली. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेत ती ऐकताना मात्र ती हसली नाही.

पहाटे कुणीतरी झाडाला टांगलेल्या रिकाम्या गॅसच्या नळकांड्यावर लोखंडी कांब वाजवतो, तीच देवळाची घंटा. प्रार्थना आटोपली की पास्टर कोयता घेऊन मळ्याकडे निघतात. मी त्यांना विचारले, तुम्हीही शेती करता? त्यावर त्यांनी जरा नवलाने पाहिले आणि उत्तर दिले की ज्याला टॅरो लावता येत नाही, त्याचे बोलणे इथे कोण ऐकून घेईल! टॅरो म्हणजे आपल्या अळूचा कंद. अनेट्युमच्या लोकांनी ओढ्यांचे पाणी पाटांनी वळवून या कंदाचे वाफे पिढ्यान् पिढ्या पिकवले आहेत. दुपारी पास्टर आजाऱ्यांकडे जातात, कुणाच्या भावकीतला जमिनीचा तंटा ऐकून घेतात, आणि महिन्यातून काही वेळा होडीने किंवा डोंगर चढून पलीकडच्या वस्त्यांवर जातात. पगार बेताचा असतो. उरलेली भरपाई टॅरो, मासे आणि केळी यांच्या रूपाने दारात येऊन पडते. माझ्या आजोळी ज्वारीच्या पायल्या येत, तशीच.

जुन्या देवळाच्या भिंती गावातच आहेत. एका वेळी सुमारे हजार माणसे बसतील एवढे ते दगडी मंदिर होते. आज छप्पर नाही, आत झाडे वाढली आहेत, आणि जाड भिंतींच्या भेगांतून मुळे उतरली आहेत. एका ठिकाणी गिलावा शाबूत होता, त्यावरून मी बोट फिरवले. हा चुना प्रवाळाचा. समुद्रातून प्रवाळाचे दगड काढायचे, लाकडांच्या ढिगावर रचून भाजायचे, पाणी घालून फोडायचे, वाळूत कालवायचे. कोकणात शिंपल्यांचा चुना भाजत, त्याच जातीचे हे काम. भिंतीत एक पांढरा तुकडा न फुटता तसाच राहिला होता, आणि त्याच्यावर प्रवाळाची बारीक चाळणीसारखी नक्षी अजून दिसत होती. भट्टी त्या दिवशी कमी तापली असणार.

गेडींच्या काळात या किनाऱ्यावर ते एकटे गोरे नव्हते. जेम्स पॅडन या व्यापाऱ्याने त्यांच्याआधी चार वर्षे, १८४४ मध्ये, इन्येउगवर चंदनाचे ठाणे घातले होते. त्या ठिपक्यावर भुतांचा वावर आहे या समजुतीने बेटावरचे लोक तिथे राहत नसत, म्हणून ती जागा परक्याला सहज मिळाली. आसपासच्या बेटांवरचे चंदन चीनला जाई आणि त्याच्या मोबदल्यात चहा येई. आपल्या देवघरातल्या सहाणेवर उगाळले जाणारे लाकूड दुसऱ्या समुद्रात एवढे भांडण लावत असेल, हे मला ठाऊक नव्हते. व्यापाऱ्यांचे आणि मिशनऱ्यांचे पटणे शक्यच नव्हते. १८५१ मध्ये तर एका रात्री गेडींच्या घराला कुणीतरी आग लावली. घरातली माणसे वाचली.

त्यांच्या आयुष्यातला एक भाग लिहिताना मला जड जाते. या बेटावर नवरा मेला की विधवेचा गळा आवळत, आणि ते काम तिच्याच आप्तांकडे असे. त्यासाठीची दोरी विवाहित बाई आधीपासूनच गळ्यात वागवी. हे वाचले तेव्हा माझा हात नकळत मंगळसूत्राकडे गेला होता. सतीची बंदी आपल्याकडे सरकारी हुकमाने आली. इथे हुकूम काढायला सरकारच नव्हते. गेडी दांपत्याला प्रत्येक वेळी धावत जावे लागे, समजूत घालावी लागे, कधी धमक्या खाव्या लागत, आणि कधी पोचेपर्यंत उशीर झालेला असे. मिशनऱ्यांनी बेटावरचे नाच, गाणी आणि कावा हे मुळांपासून केलेले गुंगी आणणारे पेय पिण्याची रीतही पाप ठरवली. ते मला पटत नाही, आणि आजच्या पास्टरांनाही पुरते पटत नसावे, असे त्यांच्या बोलण्यावरून वाटले. पण म्हणून दोरीची गोष्ट लहान होत नाही.

शार्लटबाईंनी मुलींची शाळा चालवली, शिवण शिकवले, आणि आपल्या थोरल्या लेकीला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडले. टपालाचे जहाज वर्षात केव्हातरी फिरकायचे. तोपर्यंत पोरगी कशी आहे हे कळायला मार्गच नाही. मला रोज रात्री नऊ वाजता व्हिडिओ कॉल लागतो.

तिसऱ्या दिवशी पास्टरांच्या सासूबाईंनी मला हाक मारली. खोबरे खवायच्या विळीसारखे दिसणारे, पत्र्याला खिळ्यांनी भोके पाडून केलेले एक साधन त्यांच्यापुढे होते, आणि शेजारी बटाट्यासारख्या कंदांची टोपली. हे इथले आरारूट. किसलेला लगदा फडक्यात घालून पाण्यात पिळायचा, गढूळ पाणी निवू द्यायचे, वरचे पाणी ओतून टाकायचे, पुन्हा नवे घालायचे. कंद मूळचा कडू असतो, म्हणून ही धुलाई अनेकदा करावी लागते. शेवटी भांड्याच्या तळाशी पांढरा शुभ्र, बोट दाबले तर करकरणारा थर राहतो. तो उन्हात वाळवायचा. गेडींच्या काळात मंडळीतल्या लोकांनी असे आरारूट पोत्यांनी तयार केले, ते परदेशी विकले गेले, आणि त्या पैशांतून त्यांच्या भाषेतल्या पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, छपाई झाली. नवा करार १८६३ मध्ये लंडनला छापून झाला. त्या कामासाठी बेटाच्या उत्तर बाजूचे मिशनरी जॉन इंग्लिस विलायतेला गेले, तेव्हा विल्यामू नावाचा अनेट्युमचा माणूस भाषा तपासायला त्यांच्याबरोबर गेला होता. आपले पुस्तक आपण विकत घेतले, असे म्हणायचा हक्क किती लोकांना असतो?

पण त्या पुस्तकाची पाने छापली जाण्याआधीच वाचणारे कमी झाले होते. १८६१ च्या सुमारास जहाजावरून गोवर आला आणि बेटावरची साधारण एक तृतीयांश माणसे गेली. गेडी आले तेव्हा सुमारे चार हजारांची वस्ती होती. साथींमागून साथी येत राहिल्या आणि विसाव्या शतकात ती काही शेकड्यांवर आली. एवढे मोठे देऊळ बांधायला हात होते, आणि थोड्याच वर्षांत त्यात बसायला माणसे उरली नव्हती. त्या पडक्या भिंतींत उभी असताना मला छपरापेक्षा हीच उणीव जास्त जाणवली.

गेडी १८७२ मध्ये ऑस्ट्रेलियात जीलाँग इथे वारले. त्यांच्या स्मरणार्थ इथल्या देवळात लावलेल्या पाटीवरचे वाक्य मिशनच्या इतिहासात फार गाजले आहे. त्याचा आशय असा, की १८४८ मध्ये ते उतरले तेव्हा इथे कुणी ख्रिस्ती नव्हते आणि १८७२ मध्ये ते गेले तेव्हा कुणी ख्रिस्तेतर नव्हते. वाक्य ऐकायला ठसकेबाज आहे; हिशेब मात्र दोन्ही बाजूंनी अपुरा आहे. दुसऱ्या बाजूला गोवराने गेलेल्यांची नोंद नाही. आणि पहिल्या बाजूला सामोआचे शिक्षक नाहीत, जे १८४१ पासून, म्हणजे गेडींच्या सात वर्षे आधीपासून, या किनाऱ्यावर राहत होते, हिवतापाने फणफणत होते, लोकांचे टोमणे खात होते आणि तरीही टिकून होते. तेही ख्रिस्तीच होते. पाटी लिहिणाऱ्याने त्यांना मोजले नाही, एवढेच. पुढे अनेट्युमची माणसेसुद्धा अशीच शिक्षक होऊन टाना, फुटुना, एरोमँगा या शेजारच्या बेटांवर गेली. पास्टरांना मी हे बोलून दाखवले. ते म्हणाले, "सामोआचे कोण ते आम्हाला ठाऊक आहे. आम्ही पाटी वाचून शिकलो नाही."

चौथा दिवस रविवार होता. उपासनेत प्रवचन बिस्लामात झाले आणि गीते बेटाच्या भाषेत. वाद्य एकही नव्हते. चार सुरांत सगळे देऊळ गात होते, आणि खालच्या पट्टीतले पुरुषांचे आवाज बाकाच्या लाकडातून माझ्या पाठीला जाणवत होते. नंतर सर्वांचे जेवण. किसलेल्या कंदात नारळाचे दूध घालून, मोठ्या पानांत गुंडाळून, तापल्या दगडांवर भाजलेला लापलाप मी पातोळी खावी तसा पान सोडवून खाल्ला.

दुपारी लेकीला पोहायचे होते म्हणून तिला घेऊन मी इन्येउगला गेले. क्रूझ जहाजांचे प्रवासी याच ठिपक्याला मिस्टरी आयलंड म्हणतात. जहाज येते त्या दिवशी गावातले लोक होड्यांनी पलीकडे जाऊन शंख, टोपल्या, नारळपाणी विकतात. तिथे फोटोसाठी एक मोठी कढई मांडलेली असते. पर्यटक तिच्यात बसतात आणि गावातले तरुण नरभक्षकांचा आव आणून भोवती भाले नाचवतात. शाळेच्या फीचे पैसे त्यातूनही सुटतात. मिशनऱ्यांच्या चोपड्यांनी जगभर पसरवलेले ते चित्र आता हीच माणसे भाड्याने देत आहेत. मला हसू आले, आणि आल्यावर जरा ओशाळलेही.

निघायच्या सकाळी सासूबाईंनी आरारूटची एक पुडी हातात ठेवली. ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर असले काही नेऊ देणार नाहीत, हे त्यांना समजावताना माझी पंचाईत झाली. शेवटी मीच त्यांच्या चुलीपाशी बसले, दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवले, आणि आजी आजाऱ्यांसाठी करायची तशी पेज शिजवली. दूध नव्हते, म्हणून नारळाचे घातले. पातेल्यातले पांढरे पाणी बघता बघता काचेसारखे पारदर्शक झाले. त्यांनी वाटीतून एक घोट घेतला, थोडा वेळ तोंडात घोळवला, आणि साखरेचा डबा माझ्यापुढे सरकवला.