तुम्ही विचारलंत म्हणून: ‘एअर फोर्समध्ये घर फुकटच ना हो?’

लग्नकार्यात कुणीतरी विचारतंच. त्याच्या मागून येणारा प्रश्नही ठरलेला. ‘मग आमच्या करातून क्वार्टर्स बांधायला एवढे कोटी कशाला? त्यापेक्षा दोन विमानं घ्यावीत.’

आधी फुकटाचं सांगते. क्वार्टर मिळालं की घरभाडं भत्ता बंद होतो. आणि क्वार्टर मिळायला आधी यादीत नंबर लागावा लागतो. माझे मिस्टर विमानांची इंजिनं बघायचे. वीस वर्षांत सहा पोस्टिंगं झाली. दर वेळी काळ्या ट्रंकांवरचं जुन्या तळाचं नाव खोडून नव्याचं रंगवायचं. उत्तरेतल्या एका तळावर आमचा नंबर लागायला चौदा महिने गेले. तोवर गावात भाड्याची खोली, तळापासून बारा किलोमीटर, खाली पिठाची गिरणी. रात्रपाळी करून हे धुक्यातून स्कूटरवर यायचे, नऊला गिरणी सुरू व्हायची. जेमतेम तीन तास झोप, आणि संध्याकाळी त्याच हातांनी पुन्हा इंजिन उघडायचं. त्या दिवसांत मी बातम्या लावत नसे.

घरं कमी पडतात हे सरकारलाही ठाऊक होतं. २००२ च्या सुमारास तिन्ही दलांसाठी जवळपास दोन लाख घरं बांधायची योजना आली, मॅरीड अकोमोडेशन प्रोजेक्ट. वीस वर्षांनंतरही तिचं काम चालूच होतं. तुम्हाला खर्च खटकतो, मला ही ढिलाई खटकते.

आता विमानांचं. विमान घेतलं की ते उतरणार कुठे? पंजाबात जानेवारीत धुकं असं पडतं की अंगणातली तुळस दिसत नाही. अशात वैमानिकाला धावपट्टीपर्यंत आणतात ते जमिनीवरचे दिवे आणि रेडिओ यंत्रणा. हीच यंत्रणा नवी करायचं काम भटिंड्यापासून सुरू झालं, पहिल्या टप्प्यात ३० तळ. मे २०२० मध्ये दुसऱ्या टप्प्याचा करार झाला. त्यात नौदल आणि तटरक्षक दल धरून ३७ तळ, खर्च सुमारे १,२०० कोटी. भागून बघा, एका तळाला बत्तीस-तेहतीस कोटी. ३६ राफेलचा २०१६ चा सौदा साधारण ५९,००० कोटींचा होता. त्यात शस्त्रं आणि सुटे भागही आले, हे मान्य. पण दिव्यांच्या पैशांत तुमची दोन विमानं बसत नाहीत.

पुणेकरांना तर हे माहीत हवं. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, आपण तिच्यावरून दिल्लीला जातो. ऑक्टोबर २०२१ मध्ये डांबरीकरणासाठी ती चौदा दिवस बंद होती, तेव्हा माझा भाचा तिकिटाच्या नावानं बोटं मोडत होता. ‘वरचा थर सुटला, खडी निघाली की इंजिन ती ओढून घेतं,’ एवढंच हे त्याला म्हणाले. खडा, नट, तारेचा तुकडा, काहीही इंजिनाचं पातं मोडतं. म्हणून तळावर माणसं रांग धरून, मान खाली घालून चालतात आणि वेचत जातात.

निवृत्तीला आठ वर्षं झाली. विश्रांतवाडीच्या रस्त्यावर सकाळी फिरतानाही यांची मान खालीच असते. पँट मशीनला टाकण्याआधी मला खिसे तपासावे लागतात. काल दोन स्क्रू आणि एक वॉशर निघाला.