स्मर्ना, जॉर्जिया: ग्लॉकच्या आर्मरर वर्गात

शार्लटमधल्या आमच्या नेमबाजी क्लबात नवशिक्यांना शिकवण्यासाठी ठेवलेली पिस्तुलं ग्लॉक या ऑस्ट्रियन कंपनीची आहेत. ती सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हाच ठरवलं की व्हिडिओ बघून हे शिकायचं नाही. ज्यांनी वस्तू घडवली त्यांच्याकडे जाऊन शिकायचं. नवख्या माणसाच्या हातात आपण पिस्तूल देतो, तेव्हा त्यातली प्रत्येक सुरक्षा चालू आहे हे आपल्याला छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे. नाहीतर ते देऊच नये. म्हणून जॉर्जियातल्या स्मर्नाला, ग्लॉकच्या अमेरिकेतल्या मुख्यालयात, त्यांचा एक दिवसाचा आर्मरर (पिस्तुलांची तपासणी-दुरुस्ती करणारा) कोर्स करून आले. ज्यांच्या मनात हा कोर्स करायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी प्रवेशाचं. हा वर्ग मुख्यतः पोलीस, सैन्य, सुरक्षा संस्था आणि शस्त्रविक्रेत्यांकडे काम करणारी माणसं यांच्यासाठी आहे. तुमच्याआमच्यासारख्या हौशी नेमबाजांना वाट आहे ती जीएसएसएफच्या सदस्यत्वाची. ही ग्लॉकचीच नेमबाजी संघटना, १९९१ पासून चालू आहे. त्यांच्या स्पर्धांना कंपनीचे आर्मरर हजर असतात, आपलं पिस्तूल तपासून देतात आणि झिजलेले भाग बदलून देतात, तेही पैसे न घेता. कोर्सला जायच्या आधी अशा एखाद्या स्पर्धेत त्या टेबलापाशी उभं राहून बघा. अनुभवी हात किती कमी हलतात ते तिथे दिसतं. जागा लवकर भरतात. देशभर पोलीस खात्यांकडेही हे वर्ग होतात, त्यामुळे स्मर्ना लांब पडत असेल तर वेळापत्रकात जवळचं गाव शोधा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, व्हिसा. एच-१बी, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा काडतूस बाळगायला अमेरिकेच्या संघीय कायद्यानं मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे अपवाद मोजकेच. ग्रीनकार्डधारकांना ही मनाई लागू नाही. या वर्गात दिवसभर पिस्तूल तुमच्या हातात असतं. तेव्हा व्हिसावर असाल, तर वकिलाशी बोलल्याशिवाय नाव नोंदवू नका. 'काही होत नाही रे' असं मित्र म्हणतो म्हणून तर अजिबात नको, कारण पणाला लागतं ते तुमचं इथलं राहणं.

शार्लटहून आय-८५ धरला की साधारण चार तासांत अटलांटा येतं. विमानानं येणार असाल तर लक्षात घ्या, विमानतळ शहराच्या दक्षिणेला आणि स्मर्ना वायव्येला, कॉब काउंटीत. मार्टा या अटलांटाच्या शहरी वाहतूक सेवेची रेल्वे तिथवर जात नाही, गाडी भाड्यानं घ्यावी लागते. आय-२८५ या शहराभोवतीच्या महामार्गावरची सकाळची गर्दी सगळा हिशोब चुकवते, म्हणून आदल्या रात्री मुक्कामाला या. कंबरलँड भागात हॉटेलं भरपूर आहेत, पण ट्रुइस्ट पार्क हे बेसबॉलचं मैदानही तिथेच. ब्रेव्ह्जचा सामना असेल त्या दिवशी खोल्यांचे भाव चढतात आणि रस्ते तुंबतात. जेवणाची चिंता असेल तर येता-जाता डिकेटरचा पटेल प्लाझा हा भारतीय दुकानांचा बाजार गाठा.

स्वतःचं पिस्तूल न्यावं लागत नाही. आम्ही वर्गातल्याच पिस्तुलांवर काम केलं, अवजारंही तिथलीच. तरी कोणी विमानानं नेणारच असेल, तर ते रिकामं करून, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इनच्या सामानात आणि काउंटरवर सांगूनच न्यायचं.

वर्गात काडतुसांना सक्त मनाई. खिसे, पिशव्या, जॅकेट, सगळं आधीच तपासून या. पोलिसांनासुद्धा यात सूट नाही आणि ते अगदी योग्य आहे. यामागचं कारण ग्लॉकच्या रचनेतच आहे: हे पिस्तूल उघडायचं तर स्लाइड (नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग) काढण्याआधी चाप ओढावाच लागतो. नळीत काडतूस राहिलं असेल तर त्याच क्षणी गोळी सुटते. म्हणून मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, स्लाइड मागे ओढून अडकवा, नळीच्या मागच्या टोकात, जिथे काडतूस बसतं तिथे, डोळ्यांनी बघा, बोट घालून चाचपा आणि मग सुरक्षित दिशेला धरूनच चाप ओढा. याच क्रमानं, दर वेळी. मॅगझिन काढण्याआधी स्लाइड ओढली तर पुढचं काडतूस आपणच नळीत भरतो. दिवसभरात प्रशिक्षकांनी हा क्रम इतक्या वेळा करून घेतला की तो हाताला लागला.

इतिहासावर त्यांनी फार वेळ घालवला नाही. गास्टन ग्लॉक यांच्या ऑस्ट्रियातल्या कारखान्यात आधी पडद्यांच्या दांड्या आणि सैन्यासाठी सुरे तयार होत. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यानं त्यांचं पिस्तूल स्वीकारलं आणि १९८५ मध्ये कंपनी स्मर्नाला आली. गास्टन ग्लॉक २०२३च्या डिसेंबरात वारले.

खरा वर्ग सुरू होतो तो सुटे भाग टेबलावर आले की. एका ग्लॉकमध्ये सुमारे ३५ भाग असतात आणि जवळजवळ सगळे २.४ मिलिमीटरच्या एका साध्या पंचनं निघतात. आधी स्लाइडची मागची पट्टी सरकवून काढायची. काढताना तिच्यावर अंगठा हवाच, कारण आत फायरिंग पिनची (काडतुसावर ठोका मारणाऱ्या पिनची) स्प्रिंग दाबलेली असते. मग फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टरचा (नळीतून काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याचा) दांडा, एक्स्ट्रॅक्टर आणि फायरिंग पिनची सुरक्षा कळ. फ्रेम, म्हणजे मुठीसकटचा खालचा सांगाडा, त्यानंतर. तिसऱ्या पिढीच्या पिस्तुलाला तीन पिना असतात, त्यातली सगळ्यात वरची आधी काढायची. पाचव्या पिढीच्या नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलांत ती तिसरी पिनच उरलेली नाही.

जोडताना बहुतेकजण दोन ठिकाणी अडखळतात. स्लाइड अडकवणाऱ्या कळीची तारेची स्प्रिंग फ्रेममधल्या लॉकिंग ब्लॉक या ठोकळ्याच्या खाली बसायला हवी, ती वर राहते. तपासायची रीत सोपी: कळ बोटानं उचलून सोडली की ती टपकन खाली आली पाहिजे. दुसरी जागा स्लाइड लॉकची छोटी पट्टी. तिची खाच मागच्या बाजूला यायला हवी. माझ्या शेजारच्या पोलीस अधिकाऱ्यानं ती उलटी बसवली होती. प्रशिक्षकांनी स्वतः हात लावला नाही, चूक त्याची त्यालाच शोधू दिली.

उघडणं-जोडणं कोणालाही दोन तासांत जमेल. हा वर्ग ज्यासाठी करायचा ते म्हणजे तपासणी. चापाच्या मधली छोटी जीभ न दाबता कडेनं चाप ओढायचा, तो हलता कामा नये. चाप ओढून तसाच धरायचा, स्लाइड मागे नेऊन सोडायची, मग चाप हळूच सोडायचा. टिक असा आवाज येऊन तो पुढे आला पाहिजे. स्लाइड हातात घेऊन फायरिंग पिन पुढे ढकलायची, टोक बाहेर दिसता कामा नये. सुरक्षा कळ दाबून स्लाइड हलवायची, पिन आत मोकळी खुळखुळली पाहिजे. सर्वांत बोलकं साधन म्हणजे मागून कापलेली नारिंगी पट्टी. मूळ पट्टीच्या जागी ती बसवली की चापाला जोडलेल्या ट्रिगर बार या पट्टीनं फायरिंग पिनचा पाय किती धरलाय हे प्रत्यक्ष दिसतं. निदान दोन-तृतीयांश पकड हवी. ते डोळ्यांनी पाहिल्यावर मला या पिस्तुलाची सुरक्षा खऱ्या अर्थानं कळली: पिन अर्धवटच ताणलेली असते, उरलेला ताण चाप ओढल्यावर येतो आणि त्याच ओढीत एकेक अडसर बाजूला होतो.

आर्मररनं भाग घासायचा नाही, तासायचा नाही, चकाकवायचा नाही. मापात नसेल तर कंपनीचा नवा भाग बसवायचा. चाप हलका करायला कनेक्टर, म्हणजे ट्रिगर बारला भिडणारी छोटी पट्टी, घासण्याचे सल्ले जागोजागी मिळतात. ते ऐकू नका. मूळ चाप ओढायला साधारण अडीच किलोचा जोर लागतो. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी तर तो मुद्दाम याहून बराच जड करून घेतला होता. नवशिक्यांच्या पिस्तुलात हलका चाप घालणं मला बेजबाबदारपणाच वाटतो.

तेलाबद्दलही बहुतेकांच्या सवयी बदलाव्या लागतील. नळीवर आणि स्लाइडच्या खाचांत तेलाचा नुसता हात फिरवायचा आणि कनेक्टर ट्रिगर बारला भिडतो तिथे एक थेंब. फायरिंग पिनची पोकळी कोरडीच हवी. तिथे तेल गेलं की काजळी साचून चिकटा होतो, पिनचा ठोका हलका पडतो आणि काडतूस पेटत नाही. मॅगझिनही आतून कोरडं. नव्या पिस्तुलाच्या स्लाइडमध्ये दिसणारं तांबूस ग्रीस पुसून टाकू नका, ते कारखान्यानं मुद्दाम लावलेलं असतं.

शेवटी लेखी परीक्षा होते. लक्ष देऊन बसलेल्याला ती जड नाही. चाळिशीचा चष्मा असेल तर विसरू नका, स्प्रिंगा फार बारीक आहेत. संरक्षक चष्मा काढू नका, कारण त्या उडतातही. जेवणाआधी हात थंड पाण्यानं आणि साबणानं नीट धुवा, वापरलेल्या पिस्तुलांवर शिशाची भुकटी असते. आणि शक्य असेल तर पोलीस खात्याच्या आर्मररच्या शेजारी बसा. माझ्या दुसऱ्या बाजूच्या बाई एका काउंटीची सगळी पिस्तुलं सांभाळतात. प्रत्येक पिस्तुलाच्या क्रमांकापुढे किती गोळ्या झाडल्या आणि स्लाइड पुन्हा पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंग कधी बदलली, याची वही त्या ठेवतात. परत आल्यावर क्लबात मी आधी तशी वही सुरू केली. पंच आणि नारिंगी पट्टी नंतर मागवली.

भारतात परतायचा विचार असेल त्यांच्यासाठी: हे प्रमाणपत्र तिथे परवान्याची जागा घेत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो. एनएसजीचे जवान ग्लॉक वापरतात, पण नऊ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य नागरिकाला तिथे मिळत नाही. सरावासाठी घेतलेले सुटे भाग सामानात घालून नेऊ नका, अमेरिकेतून ते बाहेर न्यायलाही निर्यातीचे नियम आहेत. बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं, तरी पोलीस केस होऊ शकते. रेंजवर नेलेली पिशवी भारताच्या प्रवासाला वापरूच नका.