दर महिन्याची ती पोटदुखी

१४ वर्षांची असल्यापासून पाळीत पोट असं दुखायचं की बाथरूमच्या गार फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायचे, आई ओव्याचं पाणी द्यायची आणि डॉक्टर म्हणायचे लग्न झालं, एक मूल झालं की थांबेल. सोनोग्राफी नॉर्मल.

२७ व्या वर्षी एका मॅडमनी पहिल्यांदा नीट विचारलं, संडासला जाताना दुखतं का गं? मी तिथेच रडले. एन्डोमेट्रिओसिस. म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा टिश्यू गर्भाशयाबाहेर वाढतो, आणि साधी सोनोग्राफी नॉर्मल आली तरी तो असू शकतो, हे १३ वर्षांत कुणीच सांगू नये? दहातल्या साधारण एका बाईला असतो हा आजार!

आता रोज रात्री डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी घेते, सुरुवातीला स्पॉटिंगने, म्हणजे अधूनमधून थोडं थोडं रक्त जाण्याने, जीव नकोसा झाला पण दुखणं खरंच कमी झालंय.

परवा आई हळूच म्हणाली, मलापण असंच दुखायचं.